एका किकची गाडी

आमच्या राजपुऱ्यात भास्करकाकांची ओळख दोन वाक्यांत होते. कागदाच्या मिलमध्ये तेहतीस वर्षं फिटर होते, आणि सख्ख्या भावाशी पंधरा वर्षं बोलत नाहीत. पहिलं वाक्य ते स्वतः सांगतात, दुसरं गल्ली सांगते.

भांडण राजदूतवरून. वडील गेल्यावर घर काकांकडे आलं, खकनारचं केळीचं शेत धाकट्या योगेंद्रकडे गेलं. इथपर्यंत सगळे शहाणे होते. मग वडिलांची ही राजदूत मोटरसायकल निघाली आणि दोघांनाही तीच पाहिजे. वाटणीला बसलेल्या मामांनी डोकं चालवलं. गाडी मोठ्याकडे, तिचे कागद धाकट्याकडे. एकाशिवाय दुसऱ्याचं भागणार नाही, आज ना उद्या एकमेकांच्या दारात यावंच लागेल. मामा हुशार माणूस, पण भाचे मामांहून हट्टी निघाले. मामा गेले. गाडी ओट्याशेजारी ताडपत्रीखाली गंजत राहिली आणि कागद खकनारला योगेंद्रच्या कपाटात.

यंदा दिवाळीनंतर काकांनी ताडपत्री ओढली. सीटच्या स्पंजातून मांजरीची तीन पिल्लं निघाली.

"काका, गाडीत जीव आहे अजून," मी म्हटलं.

"तू हस. होळीला हिच्यावरच खकनारला जाणार. योगेंद्रच्या हातात किल्ली देणार. म्हणीन, ठेव तूच, मला नको आता."

"मग बसनं जा ना. किल्ली काय, खिशात मावते."

"बंद मशीनची किल्ली कोणाला देतात का, येड्या?"

दुरुस्त केलेलं मशीन तीन पाळ्या चालवून पाहिल्याशिवाय कोणाच्या हाती द्यायचं नाही, हा मिलमधला नियम. काका रिटायर झाले, नियम झाला नाही.

पिस्टन जाम होता, त्याला आठ दिवस डिझेल पाजलं. टाकीतला गंज काढायला आत रॉकेल आणि बारीक खडी टाकून काका दुपारभर ती मांडीवर हलवत बसायचे. प्रतिभाकाकू आतून म्हणायच्या, "अहो, पोरांना कधी इतकं हलवून झोपवलं नाही तुम्ही." इंजिन नुसतं खोकलं तरी त्याचा आवाज ऐकायची पंचाईत, कारण गल्लीत दिवसभर पावरलूमचा खडखडाट. लाईट गेली, माग थांबले, की गल्ली कपाळाला हात लावायची आणि काका गाडीकडे धावत सुटायचे. तेवढ्या शांततेत कान लावून इंजिन ऐकून घ्यायचं.

एक रोग मात्र जुना होता. ही गाडी किकवर कधी सुरूच झाली नव्हती. काका हँडलवर, योगेंद्र मागून धक्का मारणार, इंजिन पकडलं की धावत येऊन मागे उडी. दुसऱ्या कोणी ढकललं तर गाडी नुसती खोकायची.

"या वेळेस हा रोग मुळातून काढतो," काका म्हणाले. त्यात पूर्ण महिना गेला. पण काढला. पुढचे तीन दिवस ती प्रत्येक वेळी पहिल्या किकला सुरू झाली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी काकू मागे बसल्या. "पोलिसानं कागद मागितले तर?"

"सांगीन, भावाकडे आहेत. खोटं आहे का?"

पुढचं काकूंनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. रस्ताभर काका काय बोलायचं ते पुटपुटत होते. योगेंद्र ओट्यावरच बसला होता, केस सगळे पांढरे. काकांनी गाडी बंद केली, किल्ली काढून मुठीत धरली आणि म्हणाले, "गाडी चालू झाली."

एवढंच. तेहतीस वर्षं साहेब समोर आला की आधी मशीनचं सांगायचं, ती सवय. काकू पुढच्या वाक्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

योगेंद्र आत गेला. काकूंना वाटलं, पाणी आणायला. तो प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. कसर लागू नये म्हणून कागद पंधरा वर्षं असे जपले होते.

"घे दादा. माहीत होतं मला, गाडी चालू झाली की येशील. कागद पाहिजेत ना." मग पिशवी पुढे धरून, "आता तुझं काही राहिलं नाही माझ्याकडे."

काकूंनी मागून चिमटा काढला. काकांनी पिशवी घेतली. मुठीतली किल्ली परत गाडीला लावली.

"तोंडाला गंज चढला होता यांच्या," काकू म्हणाल्या. "पण ऐक. हे गाडीवर बसले, तसा योगेंद्र ओट्यावरून उतरला. चपला काढल्या, बाह्या वर केल्या आणि गाडीच्या मागे येऊन उभा राहिला. हात कॅरिअरला लागणारच होता."

काकांनी आरशात ते पाहिलं. पाय किकवर आधीच पडला होता. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

योगेंद्रचा हात तसाच राहिला. मग त्यानं त्याच हातानं बाही खाली केली.

"बंद करायची ना परत," मी काकांना नंतर म्हटलं. "एकदा म्हणायचं, धक्का दे."

"चालू गाडीला?" काका म्हणाले आणि ताडपत्रीची दोरी आवळू लागले.