रुखवतातली जांभळी नवरी

लग्नाची पत्रिका हातात पडली की मला अजून उदगीरचं ते रुखवत आठवतं आणि हसू फुटतं. तेव्हा मी तिथं ठाण्याचा प्रमुख होतो.

ऐन लग्नसराईत एका सकाळी एक निवृत्त शिक्षिका ठाण्यात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "साहेब, माझा गोल्डियन फिंच पक्षी चोरीला गेलाय. नर आहे. लाल डोकं, हिरवी पाठ, पिवळं पोट, जांभळी छाती."

आमच्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हितं मोटारसायकली सापडंनात, अन् पाखरू कुठं हुडकायचं?"

"अहो, त्याची मादी अंड्यांवर आहे! दिवसा दोघं आळीपाळीनं बसतात, रात्री ती एकटी. आता तिला दाणा खायलाही उठता येईना. एक तर उपाशी मरेल, नाही तर अंडी सोडून देईल."

"म्हंजी बदलीवालाच आला न्हाई म्हणा की," हवालदार हळहळले. पहारा संपला तरी बदलीचा माणूस न येण्याचं हे दुःख प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं. त्यांनी पेन उचलून फिर्याद लिहून घेतली.

बाईंच्या घरी पाहणी केली. पिंजऱ्याला कडी नीट लावलेली होती. मांजर कडी लावून जात नाही. आदल्या दिवशी पत्रिका द्यायला बरेच जण येऊन गेले होते आणि दर वेळी बाई चहा टाकायला आत गेल्या होत्या.

दुपारी आमच्या खबऱ्याचा फोन आला. तो मांडव घालायचं काम करी. "साहेब, हॉलवर या. रुखवतात जित्तं पाखरू ठिवलंय. रंगपंचमी खेळून आल्यावानी दिसतंय."

आम्ही साध्या वेशात गेलो. अनारसे, लोकरीचं तोरण, आणि मधोमध पिंजरा. पिंजऱ्याला काळ्या मण्यांची पोत गुंडाळलेली, खाली चिठ्ठी, 'आमची नवरी'. आत पाखरू होतं, छाती वांग्यासारखी जांभळी. कुणाचं म्हणून विचारलं तर मुलीचे मामा पुढं आले.

"माझं हाय. लई दिसांपासून पाळलंय."

"नर की मादी?"

"मादीच की! किती नटलीय बघा ना."

"नक्की?"

"अहो, माझ्या डोळ्यादेखत अंडी घातलीत तिनं!"

खोटं बोलणारा एका वाक्यावर थांबला तर कधी कधी सुटतो. पण त्याला पुरावा द्यायची हौस येते आणि तिथंच तो बुडतो. मी बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. "बाई, मादीची छाती कशी असते?"

"फिकी हो साहेब, धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखी. गडद जांभळी नराचीच."

मामांना घाम फुटला. तेवढ्यात भोंग्यावर भटजी गरजले, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं!"

"साहेब, पाया पडतो," मामा रडकुंडीला आले. "बायको म्हणली, रुखवतात कायतरी येगळं पाहिजे. पत्रिका द्यायला गेल्तो, बाई चहा टाकायला आत गेल्या अन् माझा हात पिंजऱ्यात गेला."

तिकडं अंडी, इकडं मुहूर्त! आचाऱ्याला आणि एका वऱ्हाड्याला पंच करून मी पंचनामा उरकला आणि मामांना मुलीमागं उभं राहू दिलं. त्यांना खेटून आमचे हवालदार उभे राहिले. त्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरीला दोन मामा आहेत.

लग्न लागल्यावर आमच्यासोबत ठाण्याकडं निघता निघता मामा पुटपुटले, "पण साहेब, नटलेला त्यो नर कसा?" मी मांडवात बोट दाखवलं. फेटा, मोत्यांच्या माळा, जरीची शेरवानी आणि गालावर पावडर थापून नवरदेव उभा होता.

मुद्देमाल मालखान्यात ठेवला असता तर तारखा पडेपर्यंत अंड्यांची वाट लागली असती. धावपळ करून ऊन उतरायच्या आत सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या बोलीवर, पाखरू बाईंना दिलं. नर सरळ खोप्यात शिरला. मादी बाहेर आली आणि दाण्यावर तुटून पडली. "आली बाबा बदली," हवालदार म्हणाले. बाई रडत रडत हसल्या. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

काही आठवड्यांनी बाई दोन डबे घेऊन ठाण्यात आल्या. एकात पेढे, एकात बर्फी.

"मुलगा का मुलगी?" हवालदारांनी विचारलं.

"पिल्लं अजून मळकट हिरवी आहेत. रंग आल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून दोन्ही आणलं."

कपडा आणि चेहरा बघून चोर की साव ठरवायची घाई झालेल्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी पुढं हेच ऐकवलं. रंग येऊ दे, मग बोल.

बाई डबे घेऊन आल्या त्याच दिवशी जामिनावर सुटलेले मामाही ठाण्यात हजेरीला आले होते. बाईंनी मोठ्या मनानं दोन्ही डबे त्यांच्यापुढं धरले. मामांनी हात मागं घेतला आणि खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुमीच काय ते द्या. मला वळखू येत न्हाई."