कातडीचा जाब

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार नानांचे. नातं काही नाही, आमच्या घरामागे त्यांची केळीची बाग. मी बारावीत असताना आईच्या अंगावर फोड आले आणि ते फुटून कातडी सोलली जाऊ लागली. चादर जखमांना चिकटायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी केळीच्या पानांवर निजवायला सांगितलं. चार महिने नाना रोज सकाळी कोवळी पानं कापून, धुऊन, पुसून आणत.

गोळ्यांनी आई बरी झाली. उन्हाळ्यात माझ्या काकूच्या अंगणात गल्लीतल्या बायका वाळवणाचे ज्वारीचे बिबडे थापायला जमल्या, तशी आईही गेली. तिनं पिठाला हात लावायच्या आत काकू म्हणाली, "तू दूर बैस वं माय. तुनी कातडी पीठमा पडी." बायका हसल्या. आई ओला हात पदराला पुसत घरी आली. पुन्हा कोणाच्या अंगणात गेली नाही.

मी अमळनेरला बी.एस्सी. केलं, मग जळगावला एम.एस्सी. तिथं एका तासाला कळलं, की कातडीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी प्रथिनं असतात. आईच्या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच या प्रथिनांवर उठते. पेशींची पकड सुटते आणि फोड येतो. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बाकीचे आकृती काढत होते. मी वहीत काकूचं वाक्य लिहिलं.

घराण्यातला पहिला एम.एस्सी. म्हणून गावात माझा सत्कार झाला. ओवाळायला काकूच होती. टिळा लावून घेतला आणि माईकवर हे सगळं सांगितलं, तिच्या वाक्यासकट. तिनं ताट खाली ठेवलं. मी आवरतं घेतलं नाही.

आठवड्यानं नानांचा निरोप आला, "काकूनी माफी माग, भाऊ. ती घरबाहेर निघत नही."

मी त्यांना पत्र लिहिलं:

तीर्थस्वरूप नाना यांना साष्टांग नमस्कार.

तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. हा मोडतो आहे. आई पाच उन्हाळे घरात बसून होती, तेव्हा काकूकडे कोणी निरोप धाडला नाही. तुम्हीसुद्धा नाही. काकू घराबाहेर निघत नाही हे ऐकून मला बरं वाटलं, तुमच्यापासून लपवत नाही. आईला माझं वागणं आवडलेलं नाही. फोनवर "जेवलास का" एवढंच विचारते आणि ठेवून देते. तरीही मी माफी मागणार नाही. दिवाळीत येईन तेव्हा आधी तुमच्या पाया पडेन. तुम्ही पाय मागे घेतलेत तरी पडेन.