बिनसनदी वकील

आमच्या अमेरिकेतल्या शुगर लँडच्या मराठी मंडळातल्या एका काकांनी मला फसवलं. काका निवृत्त इंजिनिअर, पण कायदा त्यांना जन्मजात येतो. चहात बिस्किट बुडवतात, ते विरघळायच्या आत निकाल देऊन मोकळे होतात आणि शेवटी म्हणतात, "सिंपल आहे."

पार्किंगच्या भांडणात मी एकाला ढकललं आणि माझ्यावर केस झाली. "वकील कशाला?" काका म्हणाले. "सरकारी वकिलाशी डायव्हर्जन ॲग्रीमेंट साइन कर, खटलाच टळतो. राग आवरायचा क्लास कर, वर्षभर शहाण्यासारखा वाग, केस डिसमिस. सिंपल आहे."

मी कोथिंबिरीच्या जुडीवरही घासाघीस करणारा माणूस. तिथे मात्र मुकाट सही केली. केस खरंच डिसमिस झाली. काकांनी मंडळात पेढे वाटले, माझ्या खर्चाने.

मग सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूत ऑफिसरने विचारलं, "ॲग्रीमेंटमध्ये गुन्हा कबूल केला होता ना?" केला होता. कोर्टाने केस सोडली, इमिग्रेशनने कबुली धरून ठेवली. अर्ज अडकला. आता नागरिकत्व सोडाच, ग्रीन कार्ड टिकेल की नाही, हेही मी नेमलेला वकील छातीठोकपणे सांगत नाही.

परवा मंडळाच्या पॉटलक जेवणाला काका एका नव्या मुलीला तिच्या केसबद्दल हाच सल्ला देत होते. मी मध्ये पडलो, तर हसत म्हणाले, "अरे, मी काय वकील आहे का?"

नाही ना? मग काका, हसणं पुरे. तिची सही व्हायच्या आत माइक घ्या आणि सगळ्यांसमोर सांगा, माझी वाट कोणी लावली?