भरलेलं पिंप

अक्कांनी अख्खं भरलेलं पिंप माझ्याच हातानं मोरीत ओतायला लावलं. मी त्यातलं एक तांब्या पाणी प्याले होते. एवढंच.

सप्तापुरात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. गल्लीत "नीर बंत, नीर बंत!" अशी पाणी आल्याची कानडी ओरड झाली की सगळे हातातलं टाकून पळतात. मी अक्कांकडे घरकामाला; पाणी भरायच्या आधी त्यांच्या स्वयंपाकघरातलं पिंप मी घासायची. आडवं पाडायचं, डोकं-खांदे आत घालायचे, काथ्यानं तळ खरवडायचा. माझा घाम आत टिपकायचा. चालायचं. पाणी भरलं की मात्र मी उंबऱ्याबाहेर. मला प्यायला मोरीजवळची प्लास्टिकची बाटली.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बाटली कोरडी. अक्का मागच्या दारी होत्या. आत गेले, प्याले. वळले तर त्या दारात उभ्या.

"बाटवलंस गं सगळं! आता आठ दिवस आम्ही काय प्यायचं? ओत ते!"

बाटलेल्या पिंपाला हात लावायची मला लगेच परवानगी मिळाली.

मी ओतत होते तेव्हा बाहेरच्या खोलीत सर, म्हणजे अक्कांचे मालक, दोन विद्यार्थ्यांना शिकवत होते. सरांना सगळं ऐकू आलं होतं. उठले नाहीत. उलट आवाज चढवून म्हणाले, "आता हे पिंपच घ्या. हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांचं दारूचं पीप ते. गोव्याकडून आला नि आपल्या स्वयंपाकघरात बसला. किती सहज सामावून घेतलं बघा आपण!"

पोरं मान डोलवत होती. दारूच्या पिपाचं नाव समुद्र ओलांडून आलं, त्याला थेट चुलीशेजारी जागा. मी इथून तासाभरावरच्या, अळणावरजवळच्या गावातली, यांचीच भाषा बोलणारी. माझ्यासाठी बाटली.

फरशी पुसली. काम सोडून जाणार कुठं? पुढच्या घरीही असंच पिंप, अशीच बाटली.

पुढच्या आठवड्यात ओरड झाली. पिंप माझ्यापुढं आडवं पडलं होतं. हात उचलेना.

"घास की लवकर, पाणी जाईल!"

"आतून घासणार नाही, अक्का."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत."

काथ्या तिथंच ठेवला आणि निघाले.

अजून दुसरं घर मिळालेलं नाही. मिळेल तिथं पहिल्याच दिवशी विचारणार आहे, पिंपातलं पाणी मला मिळणार का? नाही म्हणाले, तर त्या पिंपात माझा हात जाणार नाही.