दादाच्या बाजूचं दार

दुसरी मोठी लढाई संपल्यावर वऱ्हाडात लष्कराच्या जुन्या मोटारी फार आल्या. त्यातलीच एक मी वरूडहून आणली, घरची बैलजोडी देऊन. पुढं दोन माणसांची जागा, मागं माल भरायला उघडा हौदा. इंजिन चांगलं होतं. दारं मात्र दोन्ही नव्हती. देणारा म्हणाला, "दारं कायले पाह्यजे? हवा लागते." मला ते पटलं. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, पण आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगत असे. दाराबिराकडं बघणं मला कमीपणाचं वाटे.

बैल गेले म्हणून माझा थोरला भाऊ, दादा, धुसफुसत होता. त्याला खूश करावं म्हणून एक दिवस आग्रहानं शेजारी बसवलं. शेंदूरजनाघाटच्या अलीकडं नाल्याजवळ मोठं वळण आहे. तिथं मी गाडी वळवली आणि शेजारची जागा रिकामी झाली. मागं पाहतो तर दादा काळ्या चिखलात बसलेला, टोपी हातात. लागलं काहीच नव्हतं, पण वावरात तण निंदणाऱ्या बाया हसल्या. ते त्याला लागलं.

घरी आल्यावर तो एवढंच बोलला, "बागेतल्या संत्र्याच्या आंबिया बहाराचा पहिला तोडा निघायच्या आंधी दारं लाव. नाही तं गाडी जाईन आन बैल येतीन."

"आठ दिवसाचं काम आहे," मी म्हणालो.

त्या आठ दिवसांचे दोन महिने झाले. अमरावतीत ज्या मिस्त्रीकडं जावं तो आधी गाडी कोणत्या सालची ते विचारी आणि मग हसे. एकानं सांगितलं, "काका, पडदा लावा." मी तेव्हा तिशीचाही नव्हतो. दुसरा म्हणाला, दारं घेऊन या, मी त्यांना गाडी शोधून देतो.

शेवटी बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोल्याला गेलो. तिथं एका म्हाताऱ्या भंगारवाल्याच्या आवारात मोटारींच्या सामानाचा डोंगर पडला होता. चाचा काही खाटेवरून उठला नाही. "ढूंढ लो भाऊ. है भी, नहीं भी." दोन दिवस मी डोंगर उपसला. डावं दार सापडलं, अगदी आमच्याच जातीच्या गाडीचं. उजवं काही निघेना.

"चाचा, उजवं काहून नाही?"

"जिधर ड्रायवर बैठता, उधरही ठोकता. साबूत कहाँ से मिलेगा?"

ते दार डोक्यावर घेऊन स्टेशनात शिरलो, तर गार्ड ते डब्यात चढवू देईना. माणसांच्या डब्यात दार कशाला, म्हणे. मी म्हटलं, साहेब, तुमच्या डब्याला आहेच की, माझ्या गाडीला नाही. शेवटी ते मालाच्या डब्यात गेलं आणि बडनेऱ्याला पोचेपर्यंत माझा जीव त्याच्यापाशी.

उजवं मिळालं ते रिद्धपूरच्या वाटेवर. एका माळ्यानं मोटारीचं दार आपल्या वांग्याच्या वाडीला फाटक म्हणून बसवलं होतं. कोणत्या गाडीचं ते त्यालाही ठाऊक नाही. म्हणाला, "नेसान तं न्या, पण ढोरं आत शिरली नाही पाह्यजेत." म्हणून आधी त्याला बाभळीचं फाटक करून दिलं, मग दार सोडवलं. त्यात माझा आणखी दिवस गेला.

इकडं संत्री पिवळी होत चालली होती. दादा रोज बागेत चक्कर मारून येई आणि माझ्याकडं न बघता सांगे, "रंग चढून राह्यला."

आमच्या लोहाराची सारी हयात बंड्या, म्हणजे बैलगाड्या, दुरुस्त करण्यात गेलेली. बंडीचं काम तिला टेकू देऊन, चाकं अधांतरी ठेवून करतात. आम्ही मोटारीलाही तसंच केलं. मधोमध दगड रचले, चारही चाकं उचलली आणि बिजागऱ्या ठोकायला बसलो. मधेच लोहार म्हणाला, "भाऊ, खाली ठेवून पाहाव का एकडाव? थोडा मालबी भरून पाहू."

"तुले मोटारीतलं काय समजते?" मी म्हणालो. तो गप्प बसला. आज वाटतं, बसायला नको होता.

अकोल्याचं दार असं बसलं की फटीतून कागद जाईना. रिद्धपूरचं मेलं ऐकेचना. घासलं, ठोकलं, शिव्या दिल्या, तरी दोन बोटांची फट राहिलीच. मी त्या दारावर इतका चिडलो होतो की येणाऱ्याजाणाऱ्याला फक्त डावं दाखवायचो.

पहिला तोडा निघाला. दादा सकाळीच येऊन डाव्या बाजूला बसला, दार लावून घेतलं आणि आतूनच टोपले कसे रचायचे ते सांगत राहिला. हौदा काठोकाठ भरला. अमरावतीपर्यंत दादा पडला नाही. नाल्याच्या वळणावर तर मी मुद्दाम त्याच्याकडं पाहिलं.

बाजारात गाडी थांबवली. माझं ते मेलं दार सहज उघडलं. दादाचं उघडेना. मी बाहेरून ओढलं, त्यानं आतून खांदा लावला. मालाच्या वजनानं गाडी मागं बसली होती आणि दार चौकटीत चिमटलं होतं.

"दादा, माह्या बाजूनं उतरा."

"काहून? माणूस ज्या दारानं बसते त्या दारानं उतरते."

"मंग बसा."

"बसतोच."

बाजारातली माणसं जमली. खिडकीतून ओढू का, असं एका हमालानं विचारलं. दादानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो टोपले उतरवायला लागला. घरी गेल्यावर काय ऐकावं लागणार ते मला ठाऊक होतं. बैलांच्या घुंगरांचा आवाज आत्तापासूनच कानात येत होता.

अर्धाअधिक माल खाली गेला तेव्हा खाडकन आवाज झाला आणि दार आपोआप उघडलं. दादा धोतर सावरत उतरला. दाराची कड बोटानं चाचपली, बिजागरी पाहिली, वाकून हौदा पाहिला.

"टेकू देऊन बसवलं काय बे?"

मी उतरवलेले टोपले मोजायला लागलो.

"गाडी काय बंडी आहे?" तो म्हणाला. "उद्या दगड भरून ठेव हौद्यात. मंग लोहाराले बलाव. मीबी येतो."

परतताना गाडी रिकामी होती. कडी ढिली झाल्यानं डावं दार आता खडखडत होतं. दादानं ते घरापर्यंत हातानं धरून ठेवलं.