पूजेत बसलेला पाना

चीनच्या लढाईनंतर दुसऱ्या वर्षी मी उस्मानाबादच्या रक्षक पथकात भरती झाले. ती काही सीमेवरची फौज नव्हती बरं का. पण अंगावर खाकी होती, सकाळी साडेसहाला परेड होती आणि वर सुभेदार साळुंके साहेब होते, फौजेतून पेन्शनीवर आलेले. माझी शाळा चौथीपर्यंतच. बाकी सगळं तिथं बघून बघून शिकले. प्रथमोपचाराची पेटी आणि हत्यारांची कोठी माझ्या ताब्यात असायची.

गाडी एकच, फौजेनं मोडीत काढलेला ट्रक. तिचा ड्रायव्हर नाईक युसुफ, लोहाऱ्याचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा.

इंजिनाच्या तळाला तेल सोडायचा नट असतो. त्याचे आटे झिजले की बाजारातला आणून बसवायचा, कारण कंपनीचा कुठं मिळत नव्हता. बाजारच्या नटावर साहेबांचा भरवसा नव्हता. जुना न् नवा शेजारी धरून आटे जुळवायचे. मग नुसत्या बोटांनी फिरवायचा. डुगडुगला तर परत. वायसर तांब्याचा, नवा. मग पान्यानं आवळायचा, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि साहेबांनी स्वतः खालून पांढरं फडकं पुसून बघायचं. फडक्यावर तेल दिसलं तर गाडी हलायची नाही. ते फडकं कायम त्यांच्या खिशात. युसुफ मला हळूच म्हणायचा, "साहेब नट बघत्यात का जावई?"

त्या वर्षीची खंडेनवमी. आठ वाजता युसुफनं जुनं तेल सोडलं. नट गेलेला निघाला, म्हणून सोलापूरहून आणून ठेवलेला घेतला. आटे जुळले. बोटांनी तो नीट बसला. नवं तेल ओतून झालं. तोवर मी कोठीपुढं पाट मांडून सगळी हत्यारं ओळीनं ठेवली होती. मोठा पाना तेवढा युसुफकडं होता. तो मी जाऊन आणला, धुतला आणि कुंकू लावलं.

"बाई, आवळायचा राहिलाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, आता पूजेला बसला, आज उठवायचा नाही. गाडी तरी कुठं जाणार आहे? उद्या सोनं वाटून झालं की आवळा. तो हसला, गाडीच्या नाकावर माझ्याकडनं कुंकू लावून घेतलं आणि हात धुवायला गेला. साहेब तेल बदलायला सांगून सकाळीच कलेक्टर कचेरीत गेले होते.

एक वाजून वीस मिनिटांनी ठाण्यातून फोन आला. बेंबळीकडं विहीर खणताना कडा ढासळली होती, आत एक माणूस अडकला होता. साहेब नुकतेच आले होते. म्हणाले, "दोन मिनिटात गाडी बाहेर." दोन मिनिटात निघालो. मी पेटी घेतली, युसुफनं दोर घेतले. नट तिघांच्याही ध्यानात आला नाही.

साहेब स्वतः दोरावरनं उतरले. तीन वाजता अडकलेला माणूस वर आला, पाय मोडलेला, पण शुद्धीत. साहेब वर येत असताना वरचा दगड सुटला आणि त्यांच्या छातीवर बसला.

दोघांना स्ट्रेचरवर घेऊन परत निघालो. निम्म्या वाटेवर इंजिन खडखडायला लागलं, मग जागीच थांबलं. तीन चाळीस. युसुफ गाडीखाली गेला आणि उठून मागं आला. "नट पडला, साहेब. समदं तेल गेलं."

"कुणी बसवला?"

"म्या."

"पाना लावला होता?"

युसुफनं एकदा माझ्याकडं बघितलं. "न्हाय साहेब. भूल झाली."

मी साहेबांच्या ओठाला पाणी लावत होते. माझं तोंड उघडलं नाही.

साहेब म्हणाले, "लावत जा." पुढं ते काही बोलले नाहीत.

रानातली एक बैलगाडी मिळाली. दवाखान्याच्या अलीकडं, पाच वाजून दहा मिनिटांनी साहेब गेले. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. विहिरीतला माणूस जगला.

चौकशी झाली. युसुफनं तेच सांगितलं, त्याची बाहीवरची नाईकाची फीत गेली, गाडीही काढून घेतली. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चार वर्षांनी लोहाऱ्याला त्याच्या घरी गेले. तो खाटेवर बसून सायकलीची चेन साफ करत होता. म्हटलं, भाऊ, पाना मी घेतला होता.

"तुमी देवापुढं ठिवला व्हता बाई. पर फोन आल्यावर मागायचं काम माजं व्हतं. म्या मागितला न्हाय." मग त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं. आता तोही नाही.

साहेबांची वर्दी मीच घडी करून त्यांच्या मंडळींच्या हातात दिली होती. खिशात फडकं होतं. सकाळी धुऊन ठेवलेलं, घडी न मोडलेलं, एकही डाग नसलेलं.

आमच्या घरी अजून खंडेनवमीला हत्यारं पूजतात. मोठा पाना मी पाटावर ठेवू देत नाही. त्याला उभ्या उभ्या कुंकू लावते आणि परत खुंटीला अडकवते.