दुसऱ्या पदवीची टाळी

जगदीश मेश्राम लंडनमध्ये एजवेअरला बस चालवायचे, आणि बसच्या बाबतीत माणूस भलता सबुरीचा. धावत येणारी म्हातारी आत आल्याशिवाय दार लावायचे नाहीत, सिग्नल हिरवा झाल्याशिवाय ब्रेकवरचा पाय हलवायचे नाहीत. फक्त मुलीच्या कौतुकाला यांच्याकडे ब्रेक नव्हता.

मुलगी मृणाल इथेच जन्मलेली. मेडिकलला तिने डॉक्टरकी आणि पीएच.डी. असा एकत्र कोर्स घेतला: मधली तीन वर्षं लॅबमध्ये संशोधन, मग पुन्हा वॉर्डात. ज्या घरात बाबासाहेबांच्या पदव्या पाढ्यासारख्या पाठ, तिथे पोरीला दोन पदव्या मिळणार म्हटल्यावर जगदीशरावांचे पाय जमिनीवर राहतात कशाला!

दर एप्रिलला वेम्बलीच्या एका हॉलमध्ये त्यांच्या मंडळाची जयंती होते. शिकलेल्या मुलांचा सत्कार ठरलेला, आणि त्याची रीतही ठरलेली. सेक्रेटरी मिलिंद एकेक पदवी पुकारतो आणि प्रत्येक पदवीला हॉल वेगळी टाळी देतो. ज्यांच्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसवलं, त्यांची ती टाळी. उगाच वाजवायची म्हणून कुणी वाजवत नाही. मृणालचा सत्कार झाला तेव्हा एम.बी.बी.एस. हातात होती, प्रबंध मात्र लिहून व्हायचा होता. जगदीशरावांनी मिलिंदला बाजूला घेतलं. "दोन्ही पुकार. होऊनच जाईल रे आता." दुसरी टाळी पहिलीपेक्षा मोठी पडली. शाल पांघरून मृणाल कशीबशी हसली. तो फोटो दोन्ही पदव्यांसकट मंडळाच्या वेबसाइटवर गेला.

पुढे ती हॉस्पिटलच्या ड्युट्या सांभाळून रविवारी जेवायला यायची. "थीसिस कुठवर आला?" जगदीशराव विचारायचे. "चाललंय," ती म्हणायची. तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं आणि ते आणखी भात वाढून घ्यायचे.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मृणाल स्पेशालिस्ट ट्रेनिंगचा अर्ज भरायला बसली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता.

"बाबा, मिलिंदकाकांना सांगा ना, वेबसाइटवरून माझं पीएचडी काढा. मी ॲप्लिकेशनमध्ये इनकम्प्लीट लिहिलंय."

"इनकम्प्लीट कशाला? चालू आहे असं लिही. खोटं थोडंच आहे ते?"

"खोटंच आहे. मी लॅब सोडला, बाबा. मागच्या वर्षीच विदड्रॉ केलं. डॉक्टरने असं खोटं लिहिलं तर रजिस्ट्रेशन जाऊ शकतं." मराठी नीट करायचं भान तिला राहिलं नव्हतं.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"कधी सांगणार होते? तुम्ही टाळी आधीच घेतली होती ना."

जगदीशराव खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. त्यांना ते सगळे रविवार आठवले. पोरगी वाळत चालली होती, जेवण झालं की सोफ्यावर आडवी व्हायची, आणि हे शेजाऱ्यांना सांगत होते, रात्ररात्र अभ्यास करते हो बिचारी. आपण बाप म्हणून तिला एकदाही नीट पाहिलं नाही, हे त्यांना फार लागलं.

वेबसाइटवरची पीएच.डी. त्याच आठवड्यात निघाली. एप्रिलमध्ये जगदीशरावांनी मिलिंदकडे माइक मागितला. "जाऊ द्या हो, कुणाच्या लक्षात आहे?" मिलिंद म्हणाला. तरी ते उभे राहिले.

"माझ्या मुलीला एक पदवी आहे. दुसरी झाली नाही. ती मी पुकारायला लावली होती, तिने नाही. चूक माझी."

मागे कुणीतरी सवयीने टाळी वाजवायला लागलं आणि मध्येच थांबलं. मृणाल ड्युटीवरून थेट आली होती, दारापाशीच उभी होती. तिने त्यांचा कोट आणून दिला.

घरी जाताना जगदीशराव गाडी चालवत होते. मनावरचं ओझं उतरेल असं त्यांना वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. मृणालला दूर उत्तरेत न्यूकॅसलला ट्रेनिंगची जागा मिळाली होती. ऑगस्टपासून रविवारचं जेवणही बंद होणार होतं.

"इंटरव्ह्यूत विचारलं का गं, त्या पीएच.डी.बद्दल?"

"हो."

"मग काय सांगितलंस?"

तिने सांगितलं. वर्षभराचे प्रयोग फुकट गेले. गाइड दुसऱ्या देशात निघून गेले. शेवटी शेवटी लिहायला लॅपटॉप उघडला की ती उठून टॉयलेटमध्ये जाऊन रडायची. जगदीशराव हे पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही त्या अनोळखी परीक्षकांनी ऐकून झाल्यावर.

"मग? काय म्हणाले ते?"

"काही नाही. एक बाई म्हणाल्या, 'दॅट मस्ट हॅव बीन हार्ड.' मग नेक्स्ट क्वेश्चन."

एवढंसं वाक्य. रविवारच्या जेवणात, आणखी भात वाढून घेण्याआधी, कधीही म्हणता आलं असतं. आता म्हणावं, तर ते त्या बाईंनी आधीच म्हटलं होतं.

सिग्नल बदलला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी जगदीशरावांचा पाय ब्रेकवरून निघेना.

"बाबा," मृणाल हळूच म्हणाली, "ग्रीन झालाय."